सोमवारचा रंग

नांदेडच्या जिलानी रंगरेजांची मुलगी जिक्रा वाहत्या पाण्यावर पीएच.डी. करत होती. ओढ्यात वर कुणी घाण सोडली तर ती खाली कुठवर जाते, किती वेळात जाते आणि वाटेत तिचं काय होतं, हा तिचा विषय. लोक ऐकून आधी हसायचे. पाणी वाहतं, त्याबरोबर घाण वाहते, यात चार वर्षं शिकण्यासारखं काय आहे, असं तिच्या मामूंनी एका लग्नात भर पंगतीत विचारलं होतं. जिक्रानं त्यांना तिथल्या तिथं अर्धा तास उत्तर दिलं आणि त्यांचं ताट गार केलं.

तर अशी ही जिक्रा, वय अठ्ठावीस, कॉलेजात शिकवणारी बाई, दिवाळी सरल्यावरच्या सोमवारी सकाळी सात वाजता औशाच्या पुढं तेलगिरणीपाशी सोनवळ ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभी होती. तिनं बरणी उघडली आणि आतला लाल रंग पाण्यात ओतला. रंगाचा पट्टा लांबत लांबत धारेला लागला तशी ती चपला हातात घेऊन काठानं त्याच्यामागे पळत सुटली. काठावर साक्षीदार म्हणून खुर्ची टाकून बसलेले तेलगिरणीचे मॅनेजर व्यंकटराव बघतच राहिले. शास्त्रज्ञ पळतात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

गाव आणि गिरणी यांचं भांडण साधं होतं, आणि त्याचा छडा लावायला जिक्राला बोलावलं होतं. त्र्याण्णवच्या भूकंपात कवठाळवाडी जमीनदोस्त झाली, तेव्हा सरकारनं ती ओढ्याच्या खालच्या अंगाला माळावर नव्यानं वसवली. सिमेंटची घरं, सरळ रस्ते आणि प्यायला ओढ्याच्या पात्रातच खोदलेली एक विहीर. पाणी गोड होतं. पण दोन वर्षांपासून त्याला दर गुरुवारी घासलेटासारखा वास यायचा आणि लेकरांची पोटं बिघडायची. नऊ किलोमीटर वर सोयाबीनची तेलगिरणी होती, तिचे हौद दर सोमवारी सकाळी धुतले जायचे. गाव म्हणायचं, वास गिरणीचा. गिरणी म्हणायची, ओढ्याच्या सरकारी नकाशात लिहिलंय की पाणी तुमच्यापर्यंत आठ तासांत येतं. मग सोमवारी सकाळची घाण सोमवारी दुपारी येऊन गेली पाहिजे, गुरुवारचा वास आमचा कसा? तुमच्या विहिरीतच काहीतरी असेल.

हे इतकं सरळ होतं की गावाला उत्तर सुचत नव्हतं. शुक्रवारी प्रांतसाहेब गावात येऊन निकाल देणार होते. वास गिरणीचा ठरला तर गिरणीनं घाण साफ करायची टाकी बांधायची. नाही ठरला तर विहीर खराब म्हणून बुजवायची आणि गावानं टँकरची वाट बघत बसायचं. एकदा अख्खं गाव गमावलेल्या माणसांची आता विहीर जाणार होती.

जिक्राकडे रंगाची एकच बरणी होती आणि विद्यापीठातून उसनं आणलेलं एक यंत्र. डोळ्याला दिसणार नाही इतका थोडा रंग पाण्यात असला तरी ते आकडा दाखवायचं. तपासणी दोन जागी होती. ओढ्यावरच्या पुलाशी, म्हणजे साधारण निम्म्या वाटेवर, ती स्वतः थांबली. तिथं रंग नुसत्या डोळ्यांनीच दिसत होता. साडेअकराला आला, भरात आला, फिका झाला आणि दीडपर्यंत निघूनही गेला. दोन तासांत खेळ खलास. जिक्रानं दर पाच मिनिटांनी बाटली भरली आणि प्रत्येक बाटलीला मनातल्या मनात शाबासकी दिली.

खाली विहिरीपाशी यंत्र घेऊन पुनम बसली होती. पुनम म्हणजे सरपंच शेषेरावांची लेक, लातूरला क्लासला, बारावीचं वर्ष. त्या वर्षांत लातुरात असं झालं होतं की कुठल्याही गल्लीत दगड भिरकावला तर तो क्लासच्या बोर्डाला लागावा. पुनम त्यातल्या नामांकित क्लासची पहिल्या बाकावरची पोर. आठ दिवसांची सुट्टी होती, म्हणून रूमवरच्या दोन मैत्रिणींना घेऊन ती गावी आली होती. तिघींनी दर तासाला एक बाटली भरायची, यंत्रात लावायची, आकडा तक्त्यात लिहायचा, एवढंच काम.

संध्याकाळी सहाला जिक्रा विहिरीपाशी पोचली, तर व्यंकटराव आधीच आलेले. पुनमनं तक्ता पुढं केला. दोन वाजता आकडा किंचित चढलेला, तीनला ऐन भरात, मग उतरत उतरत सहाला शून्य. अक्षर मोत्यासारखं. नकाशात लिहिलं होतं तसं, बरोबर आठ तासांनी! जिक्रानं आदल्या दिवशी फळ्यावर पोरींना करून दाखवलेलं गणित जसंच्या तसं उतरलं होतं. आपलं गणित बरोबर आलं की कुणाला हर्ष होत नाही? त्या हर्षाच्या भरात तिनं तक्त्यावर सही ठोकली. व्यंकटरावांनी साक्षीदार म्हणून खाली सही केली, एक प्रत घडी करून खिशात ठेवली आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "मॅडम, तुमचे आभार. आमच्या पाण्याचा सोमवारीच निकाल लागला. आता गुरुवारच्या वासाचं गावानं बघावं."

तेव्हा कुठं जिक्राच्या लक्षात आलं की आपण कशावर सही केली.

व्यंकटराव गेल्यावर तिनं तक्ता पुन्हा उघडला. चढ आणि उतार किती सुबक होता. पुलावरचे तिचे स्वतःचे आकडे धांदरट होते, वरखाली झालेले, कारण खरा ओढा गोट्यांवर अडखळत येतो. इथले आकडे मात्र चांगली झोप काढून आल्यासारखे टापटीप. तिनं तीन वाजताची बाटली उचलली, यंत्रात लावली. शून्य. दोनची लावली, चारची लावली. सगळी शून्यं. मग तिनं पुलावरची एक बाटली लावली, तर यंत्र आकडा दाखवायला लागलं. यंत्र ठणठणीत होतं.

"पुनम," ती हळू आवाजात म्हणाली, "हे आकडे कुठून आले?"

पोरीनं मान खाली घातली. मग भडाभडा बोलून मोकळी झाली. "मॅडम, मशीन सारखं शून्यच दाखवून राहिलं होतं. आम्हाला वाटलं बिघडलं. उत्तर तर आठ तासच यायला पाहिजे होतं, तुम्हीच फळ्यावर काढलं होतं. क्लासमध्ये प्रॅक्टिकलला आकडा जुळला न्हाई तर सर म्हणतात, उत्तरावरून मागं या. आम्ही मागं आलो."

जिक्राला रडावं की हसावं ते कळेना. तिघींनी मिळून अर्ध्या तासात काढलेला तो तक्ता गणित म्हणून बिनचूक होता. पेपरात आला असता तर पैकीच्या पैकी मार्क पडले असते. आणि त्याच्यावर तिची सही होती. शुक्रवारी हाच कागद गावाच्या विरोधात उभा राहणार, आणि तो खोटा आहे असं म्हणावं तर तिच्या संशोधनावर पुन्हा कोण विश्वास ठेवणार? राग आला होता, फार आला होता. पण त्या रागाच्या खालून काहीतरी वेगळंच उसळून येत होतं, आणि ते दाबता येईना.

"म्हणजे," ती म्हणाली, "रंग आलेलाच नाही."

"न्हाई, मॅडम."

"पुलावरून दीडला पुढं गेला. पुलापासून इथवर चार किलोमीटर. संध्याकाळ झाली तरी आला नाही." तिचे डोळे चमकायला लागले. "पुनम, मग तो आहे कुठं?"

मंगळवारी दिवसभर शून्य. जिक्रानं दुपारी फाट्यावरच्या एसटीडी बूथवरून नांदेडला फोन लावला. अब्बांच्या दुकानात फोन नव्हता, शेजारच्या शिंप्याकडे होता. जिलानीभाई रंगानं माखलेला हात पुसत आले. चुनरीचं काम करणारा माणूस. कापडाला दोऱ्यानं बारीक बारीक गाठी मारायच्या, रंगात बुडवायचं, धुवायचं, वाळवायचं, गाठी सोडायच्या, यात त्यांची पन्नास वर्षं गेलेली.

"अब्बा, मेरा रंग गुम गया," जिक्रा म्हणाली. आणि सगळं सांगितलं.

मग ते म्हणाले, "रंग कहाँ जाता बेटा? कपडा धोए, पानी साफ आया, बोले रंग निकल गया. दूसरे दिन गाठ खोले तो फिर टपकता. गाठ में बैठता वो." आणि जरा थांबून, अगदी धंद्याच्या गोष्टीसारखं त्यांनी विचारलं, "तेरे नाले में गाठाँ कित्ते हैं?"

बूथवाल्याला वाटलं, बाईला फोनवर काहीतरी शुभवार्ता कळली, कारण ती उरलेले सुट्टे पैसे न घेताच धावत सुटली.

नकाशात गाठ नव्हती. नकाशात पूल ते विहीर अशी एक वळणदार निळी रेघ होती आणि मध्ये कुठं डोह नाही की बंधारा नाही. पण नकाशा ब्याऐंशी सालचा होता. बुधवारी सकाळी जिक्रा पुनमला म्हणाली, आपण विहिरीपासून पुलापर्यंत ओढ्यातूनच चालत जायचं. पुनमचा चेहरा उतरला. "तिकडून कुणी जात न्हाई, मॅडम. मधात जुनं गाव हाय."

"तू नको येऊ मग. मी जाते."

पुनम थोडं अंतर मागं राहिली, आणि मग आलीच.

तासाभरानं वळण संपलं आणि समोर दगडच दगड होते. ओढ्याच्या पात्रात पार ह्या काठापासून त्या काठापर्यंत, दोन पुरुष उंच, दोनतीनशे पावलं लांब. काळे, घडीव, चुन्यामातीचे डाग अजून अंगावर असलेले. त्यांच्या वर पाणी तुंबून मोठा संथ डोह झाला होता, आणि ते पाणी दगडांच्या फटीफटीतून झिरपत, थांबत, पुन्हा झिरपत खाली येत होतं. डोह गुलाबी होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गुलाबी, आणि त्याच्यावर घासलेटाचा वास.

जिक्रानं ओढणी कमरेला खोचली आणि कपड्यांसकट पाण्यात शिरली. एका फटीपाशी बाटली धरली, वाकून पाहिलं, ओरडली, "पुनम, निघतोय बघ इथून, थेंब थेंब निघतोय!" तिला नाचावंसं वाटत होतं आणि खरं सांगायचं तर ती थोडी नाचलीही. मग तिनं वळून पाहिलं. पुनम काठावर उभी होती. तिचं पाण्याकडे लक्ष नव्हतं.

"ही आमची घरं हायत, मॅडम," पुनम म्हणाली.

भूकंपानंतर माणसं काढायला मशिनी आल्या तेव्हा त्यांनी ढिगारे ओढ्यात लोटले. जे उरले ते गावानं स्वतः लोटले. दीड दीड हात रुंदीच्या ह्या दगडी भिंतींनी झोपेतली माणसं मारली होती. त्यातला एकही धोंडा नव्या गावात कुणी पायरीलासुद्धा नेला नाही. पुनमच्या आज्याला आणि थोरल्या काकाला अशाच भिंतीखालून काढलं होतं. तेव्हा ती बारा वर्षांची होती.

जिक्रा पाण्यातून बाहेर आली आणि तिच्याजवळ बसली. मघाच्या नाचण्याची तिला लाज वाटली. पण पुनमनंच डोळे पुसले आणि विचारलं, "इथून विहिरीवर जायला पाण्याला किती वेळ लागंल, मॅडम? म्हणजे रंग कधी पोचल?"

"मला नाही माहीत," जिक्रा म्हणाली. "ह्यावेळी खरंच नाही माहीत. आपण बघायचं आणि जो येईल तो आकडा लिहायचा."

बुधवारी संध्याकाळी सहाला विहिरीवर यंत्रानं पहिला आकडा दाखवला. पुनमनं बाटली तीनदा काढून तीनदा लावली, मैत्रिणींना लावायला सांगितली, मग लिहिलं. गुरुवारी सकाळपर्यंत आकडा चौपट झाला, आणि त्याच वेळी घराघरांतून हंडे परत यायला लागले. वास आला होता. सोमवारी सकाळी गिरणीपाशी ओतलेला रंग आणि गुरुवारचा वास एकाच बाटलीत होते! शेषेराव स्वतः विहिरीवर येऊन बसले, आणि दर तासाला "चढला का?" म्हणून विचारत राहिले. पोरींनी पाळ्या लावून एकही तास चुकवला नाही. शुक्रवारी सकाळी सहाला आकडा पुन्हा शून्यावर आला. छत्तीस तास.

अकरा वाजता समाजमंदिरात प्रांतसाहेब आले. सतरंजीवर अख्खं गाव बसलं होतं. पुढं भिंतीला टेकून शेषेरावांची आई, साखराबाई. व्यंकटरावांनी खिशातला कागद काढून साहेबांपुढं ठेवला. जिक्रा उठली.

"तो तक्ता खोटा आहे," ती म्हणाली. "सही माझी आहे. मी न तपासता केली. चूक माझी."

हॉलमध्ये कुजबुज झाली. प्रांतसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. तिनं सोमवारच्या बाटल्या मांडल्या, यंत्र मांडलं, साहेबांनाच एकेक लावून बघायला सांगितलं. मग पुलावरच्या. मग गुरुवारच्या. साहेबांना त्या यंत्राची गोडी लागली, त्यांनी बारातेरा बाटल्या स्वतः लावल्या. शेवटी ते म्हणाले, "रंग सोमवारचा आणि आला गुरुवारी. म्हणजे गिरणीचंच पाणी. पण मग मध्ये तीन दिवस होतं कुठं?"

जिक्रानं दगडांचं सांगितलं.

व्यंकटराव हुशार माणूस. ते शांतपणे उठले. "साहेब, एक शंका. दगड गावाचे, पात्रात लोटले गावानं. ते नसते तर आमचं पाणी दोन तासांत विहिरीवरून निघून गेलं असतं आणि वास रेंगाळलाच नसता. खरं की नाही, मॅडम? मग टाकी कशाला? दगड काढा, आम्ही मशीन देतो."

"खरं आहे का?" साहेबांनी विचारलं.

सगळं गाव जिक्राकडे बघत होतं. खोटं बोलणं फार सोपं होतं. "खरं आहे," ती म्हणाली. "दगड नसते तर दोन तासांतच गेलं असतं."

शेषेरावांनी कपाळाला हात लावला. व्यंकटराव खाली बसले. आणि जिक्रा म्हणाली, "पण तेवढीच घाण गेली असती, साहेब. तेवढीच. पुनम, छत्तीस तासांत जे आलं ते दोन तासांत आलं असतं तर?"

पुनम उभी राहिली. हातात तिचा नवा तक्ता होता, खाडाखोडीचा, वेड्यावाकड्या आकड्यांचा. "साधारण अठरापट, साहेब," ती म्हणाली. "आम्ही मोजलंय. आता नुसती पोटं बिघडतात. अठरापट आलं असतं तर..." तिच्या शेजारच्या बाईनं मांडीवरचं लेकरू जवळ ओढलं.

प्रांतसाहेबांनी बराच वेळ लिहिलं. टाकी बांधून होईपर्यंत गिरणीनं एक थेंबही ओढ्यात सोडायचा नाही, आणि तोवर पात्रातल्या दगडांना कुणी हात लावायचा नाही. शेषेरावांनी सरपंचपण विसरून शिट्टी मारली. पोरींनी जिक्राला मिठीच मारली, आणि कुणीतरी यंत्रालाही हार घालायला निघालं, ते तिनं कसंबसं वाचवलं.

ह्या गलबल्यात साखराबाई तिच्याजवळ आल्या आणि तिचा हात धरून तिला बाजूला घेऊन गेल्या.

"माय, एक सांग मला. म्या अडाणी हाय. त्यो इखार आमच्या भिंतींच्या धोंड्यांनी धरून ठेवला म्हनतीस?"

"हो, आजी. धरून ठेवला आणि थोडा थोडा सोडला."

"दोन वर्सं?"

"गिरणी सुरू झाल्यापासून. दर आठवड्याला."

साखराबाईंनी तिचा हात आणखी घट्ट धरला. मग म्हणाल्या, "माझ्या मालकानं रचली व्हती ती भिंत. एकल्यानं. तीन उन्हाळे. म्या पाच वर्सं तिला शिव्या देऊन राहिले." त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि मोठ्यानं हाक मारली, "शेषेराव, बैलगाडी जुप. मला जुन्या गावाला जायाचंय."

शेषेराव आईकडे बघत राहिले. पाच वर्षांत तिनं त्या दिशेला तोंडसुद्धा केलं नव्हतं. मग ते काही न विचारता बैल सोडायला गेले, आणि साखराबाईंनी जिक्राला आपल्याजवळ गाडीत जागा करून दिली.